माजी पावती तेवडी दी! : मराठी प्रकाशक-संपादकांना खुले पत्र

परदेशी ऐतिहासिक कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या सर्व प्रकाशक आणि संपादकांस,

सप्रेम नमस्कार.

आमच्या देवगडाकडे देवळात गाऱ्हाणं घालायचं तर आधी देवाचा मान, मग आपलं दुखणं. तेव्हा आधी मान. कागदाचे भाव, टपालाचा खर्च, विक्रेत्यांची थकलेली बिलं, एवढं सोसून तुम्ही भाषांतरं छापता आणि त्यावर माझ्यासारखीचं घर अर्धंमुर्धं चालतं. हे मी विसरलेले नाही.

आता दुखणं.

तुमच्यापैकी एका संस्थेसाठी मी तीन स्कॉटिश ऐतिहासिक कादंबऱ्यांची संक्षिप्त भाषांतरं केली. नाव घेत नाही, कारण खोड एकाची नाही. वॉल्टर स्कॉटच्या दोन, ‘द ब्राइड ऑफ लॅमरमूर’ (१८१९) आणि ‘रेडगॉन्टलेट’ (१८२४), आणि रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची ‘कट्रिओना’ (१८९३). दीड वर्ष लागलं. गेल्या महिन्यात मुद्रितं आली, सोबत चार ओळींचा मेल: लोककथा, भुताखेतांचे प्रसंग आणि गाणी ‘कथानकाला बाधा न येता’ वगळली आहेत, सही करून सोमवारपर्यंत परत पाठवा.

मी फोन केला. उत्तर मिळालं, ‘ताई, वाचकाला इतिहास हवा असतो. आजीच्या गोष्टी कोण वाचतंय?’

हे पत्र त्या वाक्यामुळे लिहिते आहे. ते वाक्य याआधी दोन वेगळ्या संपादकांकडून, दोन वेगळ्या पुस्तकांच्या वेळी ऐकलं होतं आणि गप्प बसले होते.

आधी एक कबूल करते. काटछाटीला माझा विरोध नाही. स्कॉट पाल्हाळिक आहे. ‘रेडगॉन्टलेट’मध्ये पीटर पीबल्स नावाच्या एका कज्जेदलालाचा वर्षानुवर्षं रखडलेला दावा आहे, त्याची पानंच्या पानं मी स्वतः कापली, आणि कापताना बरं वाटलं. प्रश्न कात्रीचा नाही, ती कुठे चालली त्याचा आहे.

पहिली तक्रार, आणि हीच खरी. तुम्ही विलीची गोष्ट काढून टाकलीत.

ज्यांनी ‘रेडगॉन्टलेट’ वाचलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. विली हा आंधळा सारंगीवाला. (फिडलला सारंगी म्हणावं का यावर मी एक आख्खा दिवस घालवला, ते असो.) वाटेत भेटलेल्या एका शहरी तरुणाला तो आपल्या आज्याची गोष्ट सांगतो. आजा स्टीनी हा कूळ, आणि मशकवाद्य वाजवणारा. त्याचा जमीनदार सर रॉबर्ट रेडगॉन्टलेट. राजाने लादलेली धर्मव्यवस्था न मानणाऱ्या कव्हेनंटर लोकांना १६८०च्या दशकात डोंगराडोंगरांतून हुडकून मारलं, त्या मारणाऱ्यांपैकी हा एक. त्याने सैतानाशी करार केलाय, गोळी त्याच्या अंगावरून गारेसारखी घरंगळते, असं लोक म्हणत.

मग १६८८ची क्रांती होते, राजा बदलतो. आणि विली काय सांगतो पाहा: पूर्वी या पंथवाल्यांकडून उकळलेल्या दंडावर सर रॉबर्टची कोठारं भरायची, ते उत्पन्न बंद झालं, म्हणून तो कुळांच्या खंडाच्या मागे लागला. एका क्रांतीचा परिणाम कुळाच्या चुलीपर्यंत कसा पोचला, हे भुताच्या गोष्टीत दोन वाक्यांत आलं आहे. ‘वाचकाला इतिहास हवा असतो’ म्हणणाऱ्यांनी हीच दोन वाक्यं कापली.

स्टीनी उसनंपासनं करून थकलेला खंड नेऊन देतो. सर रॉबर्टच्या मांडीशी त्याचं माकड बसलेलं असतं. पावती लिहून व्हायच्या आत सर रॉबर्टला झटका येतो आणि तो तडफडून मरतो. पैशाची थैली नाहीशी. पैसे दिले त्याला साक्षीदार होता तो म्हातारा नोकर, तोही मरतो. सर रॉबर्टचा मुलगा सर जॉन हा एडिंबराचा शिकलेला वकील. तो शांतपणे विचारतो, पैसे दिलेस म्हणतोस, मग पावती दाखव.

मी देवगडची. माझे पणजोबा खोताचं कूळ होते. दिलेल्या भाताचा हिशेब खोताच्या वहीत, आणि वही खोताच्या घरात. पावती नसल्यापायी दोनदा खंड भरल्याची हकिकत आमच्या घरात अजून सांगतात. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. त्यामुळे ‘पावती दाखव’ या शब्दांशी आले तेव्हा मला शब्दकोश उघडावा लागला नाही.

पुढे स्टीनी रानात जातो. एक अनोळखी घोडेस्वार भेटतो आणि त्याला मेलेल्या सर रॉबर्टच्या दरबारात घेऊन जातो. तिथे खाणंपिणं, गाणी, हसणं चालू आहे. पंगतीला कोण बसलंय? लॉडरडेल, डॅल्येल, ‘रक्तपिपासू’ म्हणून बदनाम झालेला सरकारी वकील मॅकेंझी, आणि सगळ्यांपासून जरा अलग, देखणा, उदास क्लेव्हरहाउस. त्याचा डावा हात सतत उजव्या खांद्यामागे, चांदीच्या गोळीने केलेली जखम झाकत. ही सगळी खरी माणसं आहेत, कव्हेनंटरांचा छळ करणारी. क्लेव्हरहाउस १६८९ साली किलीक्रँकीच्या लढाईत पडला, आणि साधी गोळी त्याला लागतच नव्हती, चांदीची लागली, ही लोकांतली दंतकथा. म्हणजे ज्यांच्यावर कुठल्या न्यायालयात खटला उभा राहिला नाही, त्यांना लोकांनी गोष्टीत उभं केलं आणि नरकात पंगतीला बसवलं.

स्टीनीला ते वाद्य वाजवायला सांगतात. त्याचं लक्ष जातं, वाद्याची नळी पोलादाची आहे, तापून पांढरीफटक झालेली. जेवायला वाढतात, तो नको म्हणतो. प्यायला देतात, नको म्हणतो. तो इथे गाण्याला आलेला नाही, खाण्याला आलेला नाही. त्याचं मागणं एकच.

मी लिहिलं होतं: ‘माका तुजा जेवान नको, तुजी दारू नको. माजी पावती तेवडी दी.’

पावती मिळते. तो शुद्धीवर येतो तेव्हा गावच्या कबरस्तानात पडलेला असतो, अंगावर दव, हातात कागद. तारखेसह पावती, सही शेवटी वेडीवाकडी झालेली, लिहिणाऱ्याला एकाएकी कळ आल्यासारखी.

कादंबरीचा सगळा गाभा या गोष्टीत आहे. जुन्या राजघराण्याला परत आणू पाहणारा आजचा रेडगॉन्टलेट, त्याचा हट्ट, कपाळावर उमटणारा घोड्याच्या नालासारखा आठ्यांचा आकार, तो हट्ट कुठून आला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे विली न सांगता सांगतो. बाकी कादंबरी जमीनदारांची पोरं आणि वकील यांची पत्रं, रोजनिशी आणि लेखकाचं निवेदन यांतून पुढे जाते. कुळाची बाजू सांगणारा हा एकटा. तो काढला की उरतो फक्त वाड्याचा इतिहास.

(कंसात: मानधनाचा हप्ता देताना तुमच्या हिशेबनिसाने रेव्हेन्यू स्टँपवर सही घेऊन माझ्याकडून पावती लिहून घेतली होती. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पावतीचं महत्त्व त्यांना कळतं, एवढंच.)

दुसरी तक्रार भाषेची. जे काही संवाद कात्रीतून सुटले, ते तुम्ही ‘प्रमाण’ करून टाकलेत. मूळ कादंबरीत शहरी तरुण इंग्रजीत पत्रं लिहितात आणि विली बोलतो तो स्कॉट्स या तिथल्या लोकभाषेत. हा फरक गंमत म्हणून केलेला नाही. १७०७ साली स्कॉटलंडची संसद लंडनच्या संसदेत विलीन झाली, आणि शिकलेल्या घरांतून स्कॉट्स हळूहळू स्वयंपाकघराकडे आणि तबेल्याकडे सरकली. विलीच्या तोंडी ती भाषा ठेवून स्कॉटने तिला पुस्तकात मानाची जागा दिली. म्हणून मी विलीला मालवणी दिली. कारण मला ती येते, आणि कारण ती अशीच सरकवली गेलेली आहे. संपादकांचा शेरा होता, ‘मालवणीमुळे वाचक हसेल.’ रंगमंचाने मालवणीला विनोदाला जुंपलं त्याला किती वर्षं झाली! हसून हसून आता त्या बोलीत कोणी गंभीर काही म्हणू शकतो यावर आपलाच विश्वास उरलेला नाही. नमुन्याच्या चार पानांत, वगळायचं ठरण्याआधी, तुमचा स्टीनी म्हणतो: ‘कृपया मला माझी पावती द्यावी.’ बँकेच्या खिडकीत उभा असल्यासारखा.

तिसरी तक्रार नावांची. ‘लॅमरमूर’मध्ये रेव्हन्सवुड घराण्याबद्दल जुनी भविष्यवाणी आहे, थॉमस द राइमर या तेराव्या शतकातल्या कवी-भविष्यवेत्त्याच्या नावावर खपणारी: घराण्याचा शेवटचा पुरुष आपला घोडा केल्पीच्या वाळूत बांधील. म्हातारा नोकर केलब ती घाबरत घाबरत धन्याला ऐकवतो, धनी हसतो. शेवटी तो द्वंद्वाला निघतो, घोडा फेकत किनाऱ्याने जातो आणि रुतणीत घोड्यासकट नाहीसा होतो. सापडतं ते टोपीतलं एक काळं पीस. तुमच्या मुद्रितात केल्पीचा ‘जलराक्षस’ झालाय. केल्पी हा पाण्यातून निघणारा घोडा! देखणा, खोगीर घालावंसं वाटेल असा. पाठीवर बसलात की चिकटलात, आणि मग तो तुम्हाला घेऊन पाण्यात. घोडेस्वाराला घोडा गिळतो, हे चित्र त्या नावात आहे. ‘राक्षस’ म्हटलं की शिंगं आणि दात दिसतात आणि चित्र विझतं. सातीआसरांना ‘जलपऱ्या’ म्हटलेलं आपल्याला चालेल का? फॉल्कर्कजवळ कालव्याकाठी पोलादाची दोन प्रचंड घोड्यांची डोकी उभी आहेत, सुमारे तीस मीटर उंच, आणि त्यांना ‘केल्पीज’च म्हणतात. गूगलवर शोधायला अर्धं मिनिट लागलं असतं.

माझ्या प्रस्तावनेत ‘ब्राउनी’ हा शब्द होता. समासात पेन्सिलीने लिहून आलं: ‘केक?’

ब्राउनी म्हणजे रात्री येऊन घरातली कामं उरकणारं, दूधभाकरीवर राहणारं एक केसाळ घरभूत. जेम्स हॉग या मेंढपाळ लेखकाने १८१८ साली ‘द ब्राउनी ऑफ बॉड्सबेक’ लिहिली. पंचक्रोशीत बोंब असते की अमक्या शेतकऱ्याच्या वाड्यात ब्राउनी आहे आणि त्याची मुलगी रात्रीबेरात्री त्याच्याशी बोलते. माणसं भिऊन तिकडे फिरकत नाहीत. खरी गोष्ट अशी, की ती ब्राउनी म्हणजे बॉथवेल पुलाच्या लढाईनंतर (१६७९) पळून आलेला, जखमांनी वाकडा झालेला कव्हेनंटर, आणि ती पोरगी त्याला आणि त्याच्या साथीदारांना अन्न पोचवत असते. लोकसमजुतीच्या आडोशाला माणसं जगली! हा परिच्छेद प्रस्तावनेतून गेला, आणि त्याच्या जागी स्कॉटचे जन्म-मृत्यू, पदव्या आणि ‘ऐतिहासिक कादंबरीचे जनक’ हे वाक्य आलं.

हॉगच्या आईबद्दलही मी लिहिलं होतं. मार्गारेट लेडलॉ. स्कॉट तरुणपणी सीमाभागातली गाणी गोळा करत हिंडत होता, ती १८०२-०३ साली तीन खंडांत छापली. हॉगने लिहून ठेवलंय, की आईने स्कॉटला तोंडावर सुनावलं: ही गाणी गायला केली होती, वाचायला नाही, छापून तुम्ही त्यांची जादू मोडलीत, आणि वर धड लिहिलीही नाहीत. स्कॉटने राग धरला नाही. कोणाच्या तोंडची गोष्ट आपण कागदावर घेतोय याचं भान त्याला आयुष्यभर पुरलं, असं मला वाटतं. जिथे ते सुटलं तिथे तो आपटलाही. १८२०च्या ‘द मॉनेस्टरी’त त्याने पांढऱ्या कपड्यांतली एक भुतीण घातली, कविता म्हणणारी, उगाच येणारी-जाणारी. वाचकांना ती रुचली नाही, आणि तिच्याबद्दल त्याने पुढे स्वतःच हार मान्य केली. तेव्हा प्रत्येक भूत राखाच असा माझा हट्ट नाही. ज्या भुताला जमीन आहे, खंड आहे, नातेवाईक आहेत, त्याला हात लावू नका.

चौथी तक्रार मला सर्वांत जास्त लागली. मेलमध्ये एक ओळ होती, ‘अंधश्रद्धेला खतपाणी घालणारा मजकूर टाळणे हे आपले सामाजिक धोरण आहे.’ जादूटोणाविरोधी कायदा व्हावा म्हणून मी सह्या गोळा करत दारोदार हिंडले आहे. २०१३ साली तो झाला तेव्हा आमच्या घरी कोणी पेढे खाल्ले नाहीत, कारण त्याची किंमत काय पडली ते आठवत होतं. तो कायदा भीती घालून माणसाला लुबाडणाऱ्यासाठी आहे. आज्याची गोष्ट सांगणाऱ्या आंधळ्या विलीसाठी नाही.

स्कॉटलंडला हे तुम्ही शिकवायची गरज नाही. तिथे १५६३ ते १७३६ चेटूक हा कायद्याने गुन्हा होता आणि नोंदींमध्ये सुमारे ३८०० आरोपींचा माग लागतो, बहुतेक बायका. भुतं नाकारून त्या बायका समजत नाहीत. शेजाऱ्यांना कशाची भीती वाटत होती ते ऐकावं लागतं. आणि गंमत म्हणजे विलीच्या गोष्टीतच शंकेला दार ठेवलेलं आहे. थैली शेवटी बुरुजातल्या एका अडगळीत सापडते, माकडाने पळवलेली. सर रॉबर्ट मेल्यावरही रात्री त्याची शिट्टी ऐकू येत होती, तीही माकडच वाजवत होतं, असं म्हणणारे लोक गोष्टीत आहेत. विली दोन्ही ऐकवतो आणि निवाडा ऐकणाऱ्यावर सोडतो. इतका तारतम्याचा निवेदक काढून तुम्ही कोणत्या अंधश्रद्धेचं निर्मूलन केलंत?

‘कट्रिओना’चं थोडक्यात सांगते. १७५२ साली अपिन भागात सरकारी कारभारी कॉलिन कॅम्पबेलचा खून झाला आणि जेम्स स्टुअर्टला फाशी दिलं, ज्या खटल्याची स्कॉटलंडला अजून बोच आहे, त्यावर ही कथा बेतलेली आहे. नायक डेव्हिडने साक्ष देऊ नये म्हणून त्याला बास नावाच्या खडकाळ बेटावर डांबतात. तिथला पहारेकरी अँडी एक भुताची गोष्ट सांगतो. तिची सुरुवातच त्याच्या बापापासून होते, जो याच खडकावर कव्हेनंटर कैद्यांवर पहारा द्यायचा. गोष्ट संपते तोच एक हायलँडर (उत्तरेकडच्या डोंगराळ भागातला) म्हणतो, ही तर आमच्याकडची गोष्ट, माणूस वेगळा होता. आणि त्यावरून सुरी निघते! लोलँडर आणि हायलँडर, दोन भाषा, दोन पंथ, यांच्यातलं वैर स्टीव्हन्सनने गोष्टीच्या मालकीवरून दाखवलं. तुमच्या मुद्रितात हे सगळं प्रकरण असं आहे: ‘डेव्हिडला काही दिवस बास बेटावर ठेवण्यात आले.’

मुखपृष्ठावरचा चौकटीचा घागरा, धुकं आणि ‘एक धगधगती प्रेमकहाणी’ यावर मी बोलत नाही.

एक विचारते. उद्या एखाद्या स्कॉटिश प्रकाशकाने रायगडावरची मराठी कादंबरी इंग्रजीत नेली आणि हिरकणी वगळली, ‘कागदोपत्री पुरावा नाही, कथानकाला बाधा येत नाही’ म्हणून, तर आपण गप्प बसू? गवळण, तान्हं पोर, बंद दरवाजे, कडा. तो बुरूज तर उभा आहे. ॲकवर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर १८९१ साली ऐतिहासिक पोवाडे गोळा करून छापले. इतिहास दफ्तरात असतो तसा डफावरही असतो, हे मराठी वाचकाला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ठाऊक आहे. त्याला आजीची गोष्ट पेलणार नाही असं तुम्ही परस्पर ठरवू नका.

मागण्या साध्या आहेत.

विलीची गोष्ट आणि अँडीची गोष्ट पूर्ण छापा. दोन्ही मिळून तीस-पस्तीस पानं वाढतील. पानांचा प्रश्न असेल तर मी आणखी पीटर पीबल्स कापून देते, त्याचे वेगळे पैसे नकोत.

बोलीला बोली राहू द्या. मालवणी कळणार नाही असं वाटत असेल तर शेवटी शब्दार्थ द्या, मी लिहून देईन. केल्पीला केल्पी म्हणा.

पुस्तक संक्षिप्त असेल तर तसं मुखपृष्ठावर छापा, आणि काय वगळलं ते आत एका परिच्छेदात सांगा. वाचकाला आपण काय विकत घेतो ते कळलं पाहिजे. ही मागणी माझ्या पुस्तकापुरती नाही, तुम्हा सर्वांकडे आहे.

आणि भाषांतरकाराला विचारल्याशिवाय प्रसंग काढू नका. करारात तसं एक कलम घाला. सध्याच्या करारात ‘आवश्यक ते संपादकीय बदल’ एवढंच असतं, आणि त्या चार शब्दांतून आख्खा स्टीनी गळून जातो.

यातलं काहीच जमणार नसेल तर माझं नाव काढा आणि दुसरा हप्ता परत घ्या. पावती मात्र द्यावी लागेल.

सोमवार उलटून गेला. मुद्रितं माझ्या टेबलावर आहेत, सही केलेली नाही. पान ८७वर बसची तिकिटं घालून ठेवली आहेत. विलीची गोष्ट तिथे यायची आहे.

आपली,
एक भाषांतरकार, देवगड